मातृत्व अनुदान : मदत, भरपाई की आमिष?

गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत कुटुंबाला सरकारी तिजोरीतून रोख रक्कम देण्याची पद्धत जगातील अनेक देशांत या ना त्या स्वरूपात रूढ आहे. भारतात तर २०१३ पासून ती कायद्याने मान्य केलेला हक्क आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक गरोदर स्त्री आणि प्रत्येक स्तनदा माता, म्हणजे अंगावर दूध पाजणारी आई, किमान सहा हजार रुपयांच्या लाभास पात्र ठरते. केंद्र वा राज्य सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या नियमित सेवेतील स्त्रिया, तसेच दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली असाच लाभ घेणाऱ्या स्त्रिया तेवढ्या त्यातून वगळल्या आहेत. मूल कितवे आहे, मुलगा आहे की मुलगी, याचा त्या कलमात उल्लेखही नाही. मात्र केंद्र सरकार आखील त्या योजनेच्या अधीन राहून हा लाभ द्यावा, असे एक वाक्य कलमाच्या आरंभीच आहे आणि हक्क कागदावरून प्रत्यक्षात येताना त्याची जी काटछाट झाली, तिला वाट याच वाक्याने करून दिली.

असे अनुदान न्याय्य आहे का, या प्रश्नाला सरसकट उत्तर देणे कठीण जाते, कारण एकाच रकमेकडून तीन निरनिराळ्या गोष्टींची अपेक्षा केली जाते. बाळंतपणामुळे बुडणाऱ्या मजुरीची भरपाई व्हावी, ही पहिली. गर्भाच्या आणि आईच्या पोटात पुरेसे अन्न जावे, ही दुसरी. आणि पैशाच्या ओढीने कुटुंबाने सरकारला हवे तसे वागावे, म्हणजे लवकर नोंदणी करावी, दवाखान्यातच बाळंतपण करावे, लसी टोचून घ्याव्यात, मुलीचे स्वागत करावे, ही तिसरी. या तिन्ही समर्थनांमधून योजनेचे तीन वेगवेगळे आराखडे निघतात. भरपाई असेल तर ती मजुरीच्या प्रमाणात आणि विनाअट हवी, पोषण असेल तर ती वेळेवर हवी, आणि वर्तनबदल हवा असेल तर ज्या सेवेकडे लोकांना वळवायचे ती सेवा आधी जागेवर असायला हवी. भारतातील अनुदानाचे समर्थन पहिल्या दोन कारणांनी केले जाते आणि त्याची रचना मात्र तिसऱ्या कारणाला धरून केली जाते. त्याच्या बहुतेक दोषांचे मूळ या विसंगतीत आहे.

भरपाईचा विचार सर्वांत जुना आहे आणि त्याचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत घडला. पहिल्या महायुद्धानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९१९ मध्येच बाळंतपणाविषयी एक करार मंजूर केला होता; बाळंतपणाच्या आधीचे आणि नंतरचे सहा-सहा आठवडे कामगार स्त्रीला विश्रांती मिळावी आणि त्या काळातील तिच्या उदरनिर्वाहाचा पैसा सार्वजनिक निधीतून किंवा विम्यातून यावा, असे त्याचे सूत्र होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत त्या काळी हजारो स्त्रिया काम करीत आणि पोटासाठी बाळंतपणाच्या अगदी तोंडापर्यंत त्यांना साच्यावर उभे राहावे लागे. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभाचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना मांडलेला युक्तिवाद आजही या विषयाच्या मुळाशी जातो. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि लोकांचे कल्याण राखणे हे मुख्यतः सरकारचे काम असल्यामुळे या खर्चाचा मोठा वाटा वास्तविक सरकारनेच उचलला पाहिजे, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. मात्र सरकार तो उचलत नाही म्हणून मालकाची सुटका होत नाही, कारण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला आणि पैसे देण्याचे दायित्व मालकावर आले.

मालकाने एकट्याने भार उचलण्याची ही पद्धत पुढे देशभर रुजली, आणि तिची एक किंमतही होती. स्त्री कामगार ठेवली तर तिच्या बाळंतपणाचा खर्च आपल्या अंगावर पडतो, हे कळल्यावर मालक पुरुषालाच पसंती देतो. मुंबईच्या गिरण्यांत पुढच्या काही दशकांत स्त्रियांचे प्रमाण घसरत गेले. रात्रपाळीवरील बंदी आणि गिरण्यांतील कामाची फेररचना ही त्याची मोठी कारणे होती, पण मातृत्व लाभाच्या खर्चाचाही त्यात वाटा असल्याचे अभ्यासकांनी नोंदविले आहे. हा धोका ओळखूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५२ च्या सुधारित करारात हा खर्च एकट्या मालकाच्या माथी मारू नये, असे स्पष्टपणे म्हटले. भारतात मात्र १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने तोच मार्ग कायम ठेवला, आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेतानाही सरकारने त्यात आपला वाटा घातला नाही. कामगार राज्य विमा योजनेखाली येणाऱ्या स्त्रियांना विम्याच्या निधीतून पैसे मिळतात, तेवढा अपवाद.

सव्वीस आठवड्यांची रजा हा मोठाच लाभ आहे, पण तो ज्यांना मिळतो त्यांची संख्या पाहिली म्हणजे दुसरी बाजू समोर येते. हा लाभ दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो, आणि भारतातील काम करणाऱ्या स्त्रियांपैकी फार मोठी बहुसंख्या शेतावर, बांधकामावर, घरकामात, विड्या वळण्यात किंवा स्वतःच्याच घरच्या शेतीत राबणारी असल्यामुळे त्याच्या बाहेर राहते. या स्त्रीच्या वाट्याला येते ती प्रधानमंत्री मातृ वंदना योजना, म्हणजे पहिल्या मुलासाठी पाच हजार रुपये. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची रोजची मजुरी २९७ रुपये होती. त्या हिशेबाने पाच हजार रुपये म्हणजे सुमारे सतरा दिवसांची मजुरी होते. कचेरीत काम करणाऱ्या स्त्रीला विश्रांतीसाठी एकशे ब्याऐंशी दिवस पूर्ण पगार आणि उन्हात खुरपणी करणाऱ्या स्त्रीला सतरा दिवसांची मजुरी, तीही एकदाच, ही तफावत कोणत्याही न्यायाच्या कल्पनेत बसत नाही. महाराष्ट्राच्या आदिवासी भागात कुपोषित मुलाला घेऊन आई रुग्णालयात राहिली तर तिला काही रक्कम देण्याची तरतूद आहे आणि तिला सरकारी भाषेतही बुडीत मजुरी असेच म्हणतात. बाळंतपणाच्या रकमेकडेही याच दृष्टीने पाहिले, तर ती उपकार म्हणून दिलेली मदत आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि ती किती अपुरी आहे हेही आपोआप उघड होईल.

पोषणाच्या बाजूने होणारे समर्थन वैद्यकीय संशोधनावर उभे आहे आणि त्यात पुणे जिल्ह्याचा वाटा मोठा आहे. डेव्हिड बार्कर या इंग्लिश वैद्याने १९८० च्या दशकात जुन्या जन्मनोंदी तपासून असे दाखविले की, कमी वजनाने जन्मलेल्या माणसांत उतारवयातील हृदयविकाराचे प्रमाण अधिक असते, म्हणजे गर्भातील उपासमारीची किंमत माणूस पन्नास-साठ वर्षांनीही मोजत असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये जिल्ह्यातील सहा खेड्यांत मातृपोषणाचा एक दीर्घ अभ्यास सुरू केला. त्या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे सुमारे ३.५ किलो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही बालके दिसायला किडकिडीत असली, तरी त्यांच्यात स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. पुढे मधुमेहाकडे नेणारी शरीराची ही घडण जन्मतःच ठरलेली असते, हे त्यातून पुढे आले. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध यांचे सेवन ज्या स्त्रियांनी अधिक वेळा केले, त्यांची बाळे आकाराने मोठी होती. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, जिच्याकडे योजनाकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही : ज्या स्त्रिया गरोदरपणातही शेतातील आणि पाणी भरण्याची जड कामे अधिक करीत होत्या, त्यांच्या बाळांचे आकारमान कमी होते.

या शेवटच्या निष्कर्षाचा अर्थ असा की, विश्रांती आणि आहार या दोन वेगळ्या बाबी नाहीत. ताटात कितीही भर घातली, तरी दिवसभराच्या कष्टात ती खर्च होत असेल तर गर्भापर्यंत पोहोचते ते थोडेच, आणि मजुरी बुडण्याची भीती असेपर्यंत कोणतीही मजूर स्त्री कष्ट कमी करू शकत नाही. डायान कॉफी या संशोधिकेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार भारतात गरोदरपणाच्या सुरुवातीलाच सुमारे ४२ टक्के स्त्रियांचे वजन असावे त्यापेक्षा कमी असते आणि संपूर्ण गरोदरपणात ते सरासरी सातच किलोंनी वाढते. कमी वजनाच्या स्त्रीच्या बाबतीत ही वाढ साडेबारा ते अठरा किलो असावी, असे वैद्यकीय मापदंड सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातील ५२ टक्के आणि महाराष्ट्रातील सुमारे ४६ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे दिसले. औद्योगिक उत्पन्नात देशात अग्रभागी असणाऱ्या राज्याची ही स्थिती आहे.

पैसा देऊन हे बदलते का, याची उत्तरे काही ठिकाणी मिळाली आहेत. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात अल्प उत्पन्नाच्या गरोदर स्त्रियांना महिन्याला ८१ डॉलरपर्यंत रक्कम विनाअट दिली जात होती, आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही रक्कम घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कमी वजनाची आणि मुदतपूर्व जन्मणारी बालके कमी आढळली. ब्रिटनमध्ये २००९ ते २०११ या अल्प काळात प्रत्येक गरोदर स्त्रीला १९० पौंड दिले जात. गरोदरपणाच्या पंचविसाव्या आठवड्यानंतर मिळणारी ही रक्कम पोषणाच्या दृष्टीने फार उशिरा येते, अशी टीका झाली आणि काटकसरीच्या लाटेत ती बंदही पडली, परंतु नंतरच्या संशोधनात तिच्यामुळे मुदतपूर्व जन्मांचे प्रमाण घटल्याचे, विशेषतः कोवळ्या वयाच्या मातांमध्ये, दिसून आले. पैशाची विवंचना कमी होणे हेच गरोदर स्त्रीसाठी एक औषध असू शकते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. हातात रोख आली की नवरा ती व्यसनात उडवील, ही हरकत भारतात नेहमी घेतली जाते. निरनिराळ्या देशांतील रोख योजनांचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या जागतिक बँकेच्या दोन संशोधकांना दारू किंवा तंबाखूवरील खर्च अशा योजनांमुळे वाढल्याचे आढळले नाही. तरीही रक्कम कोणाच्या नावावर जमा होते याला महत्त्व आहेच. ब्रिटनमध्ये १९११ च्या विमा कायद्याने दिलेले तीस शिलिंगांचे बाळंतपणाचे अनुदान सुरुवातीला नवऱ्याच्या हाती पडे. कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालविली, आणि दोनच वर्षांत ते आईच्या मालकीचे ठरविण्यात आले.

रोख द्यावी की अन्न, हा प्रश्न महाराष्ट्राने आदिवासी भागापुरता वेगळ्या रीतीने सोडविला आहे. २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली शेवटच्या तिमाहीतील गरोदर स्त्रियांना आणि बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत मातांना अंगणवाडीत दिवसातून एकदा चौरस आहार, म्हणजे भाकरी किंवा पोळी, भात, डाळ, पालेभाजी, अंडे किंवा केळी आणि शेंगदाण्याचा लाडू असे पोटभर गरम जेवण दिले जाते. घरी सर्वांना वाढून उरेल ते खाण्याची सवय जिच्या अंगवळणी पडली आहे, तिच्या पोटात निदान एक वेळचे जेवण नक्की जावे, यासाठी घराबाहेर बसून जेवण्याची ही सोय शहाणपणाची आहे. परंतु जेवणासाठी पाड्यावरून अंगणवाडीपर्यंत रोज यावे लागते आणि मजुरीसाठी गावाबाहेर गेलेल्या स्त्रीला ते मिळत नाही. शिवाय तपासणीसाठी तालुक्याला जाण्याचे जीपभाडे आणि सोनोग्राफीचा खर्च लाडवाने भागत नाहीत. म्हणूनच रोख आणि आहार यांतून एकाची निवड करा, असे म्हणणे चुकीचे आहे. दोहोंची कामे निराळी आहेत.

उरला तो तिसरा हेतू, आमिषाचा. या हेतूने राबविलेली सर्वांत मोठी योजना म्हणजे २००५ मध्ये सुरू झालेली जननी सुरक्षा योजना. दवाखान्यात बाळंतपण केल्यास रोख रक्कम, असे तिचे साधे सूत्र आहे. ज्या राज्यांत अशी बाळंतपणे कमी होती तेथे ग्रामीण भागात १,४०० रुपये, तर महाराष्ट्रासारख्या राज्यांत दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये दिले जातात. २००५-०६ मध्ये देशातील ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१५-१६ मध्ये ७९ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. हे सगळे श्रेय एकट्या अनुदानाचे नाही. त्याच काळात आशा कार्यकर्त्या आल्या, रुग्णवाहिका आल्या आणि रस्ते झाले. पण अनुदानाने लोकांना दवाखान्याच्या दारापर्यंत आणले, यात शंका नाही. दाराच्या आत काय घडते, हे मात्र अनुदान ठरवू शकत नाही : नवजात बालकांचे मृत्यू या योजनेमुळे घटल्याचा ठाम पुरावा नंतरच्या काटेकोर अभ्यासांना सापडला नाही, कारण गर्दी वाढलेल्या दवाखान्यांत डॉक्टर, रक्त आणि नवजात बालकांच्या उपचारांची सोय त्या प्रमाणात वाढली नव्हती.

फिनलंडचा अनुभव याच्या नेमका उलट बाजूने बोलका आहे. तेथे १९३८ पासून अल्प उत्पन्नाच्या मातांना आणि १९४९ पासून सर्वच मातांना बाळाचे कपडे, अंथरूण-पांघरूण आणि इतर साहित्य भरलेली पेटी किंवा तिच्याऐवजी रोख रक्कम दिली जाते, आणि त्यासाठी एकच अट असते, ती म्हणजे चौथा महिना संपण्याच्या आत दवाखान्यात तपासणी करून घेणे. अट एकच, ती पाळण्यासाठी लागणारे दवाखाने सर्वत्र उपलब्ध, आणि श्रीमंत-गरीब असा भेद नाही, यामुळे तेथे अट अडथळा ठरली नाही. उलट ऑस्ट्रेलियाने २००४ मध्ये १ जुलैनंतर जन्मणाऱ्या प्रत्येक बालकामागे ३,००० डॉलर देण्याची घोषणा काही आठवडे आधी केली, तेव्हा आधीच ठरलेल्या शस्त्रक्रिया आणि कळा आणण्याचे उपचार पुढे ढकलून हजाराहून अधिक जन्म त्या तारखेच्या पलीकडे नेले गेल्याचे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले. पैशाने वर्तन बदलते ते असे. ज्या बाजूला अट ढकलते त्या बाजूला, मग ती बाजू बाळाच्या हिताची असो वा नसो.

प्रधानमंत्री मातृ वंदना योजना या कसोटीवर तपासली पाहिजे. १ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या या योजनेत कायद्यातील सहा हजारांचे पाच हजार झाले, उरलेले जननी सुरक्षा योजनेतून मिळतात असे समजण्यात आले, आणि लाभ पहिल्या जिवंत बालकापुरता मर्यादित झाला. रक्कम तीन हप्त्यांत होती : लवकर नोंदणी केल्यावर एक हजार, सहा महिन्यांनंतर किमान एक तपासणी झालेली असल्यास दोन हजार, आणि जन्मनोंदणी व लसींची पहिली फेरी पूर्ण झाल्यावर दोन हजार. प्रत्येक हप्त्याला वेगळा अर्ज, आधार, बँक पासबुक, माता व बाल संरक्षण कार्ड आणि सुरुवातीच्या काळात नवऱ्याचेही आधार. २०२२ मध्ये हप्ते दोन झाले आणि नवऱ्याच्या आधारची सक्ती गेली, हे सुधारणेचे पाऊल होते, परंतु त्याच वेळी लाभ अमुक प्रवर्गांतील आणि अमुक कार्डे असलेल्या स्त्रियांपुरता आखण्यात आला.

महाराष्ट्रातील घराघरांतील रीत लक्षात घेतली, म्हणजे या कागदपत्रांचा जाच कोठे होतो ते कळते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा आहे, आणि अनुदान मिळते ते नेमके पहिल्याच बाळंतपणाला. सुनेची नोंद सासरच्या उपकेंद्रात होते, सातव्या महिन्यात ती माहेरी जाते, बाळंतपण माहेरच्या तालुक्याला होते, बाळाच्या सुरुवातीच्या लसी तेथेच टोचल्या जातात, आणि ती बाळाला घेऊन परत येईपर्यंत ज्या आशाताईंनी अर्ज भरला त्यांच्या वहीत पुढच्या रकान्यांतली जागा कोरीच असते. त्यातच आधारवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव, रेशनकार्डावर नवऱ्याचे नाव आणि सासरचे आडनाव, आणि लग्नाआधीच्या बँक खात्यावर तिसरेच काही, असे असेल तर नावे जुळत नाहीत म्हणून हप्ता अडकतो. ऊसतोडणीला जाणाऱ्या कुटुंबांची अडचण याहून कठीण असते. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील टोळ्या दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्यात परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांनी मिळून फेडायची असते, आणि एक दिवस काम चुकले तर खाडा पडून तो उचलीत धरला जातो. अशा स्त्रीला गरोदरपणातील विश्रांतीची गरज सर्वांत अधिक, तिची मजुरी बुडण्याचा फटका सर्वांत मोठा, आणि गावातील उपकेंद्रापासून सहा महिने दूर असल्यामुळे अटी पूर्ण करण्याची शक्यता सर्वांत कमी.

दुसऱ्या मुलाविषयीचा २०२२ चा नियम तर हेतूंच्या गोंधळाचा नमुनाच आहे. दुसरे अपत्य मुलगी असेल तर सहा हजार रुपये एकरकमी, मुलगा असेल तर काही नाही. मुलींच्या जन्माचे स्वागत व्हावे हा उद्देश चांगला आहे, पण गर्भलिंगनिदान हा गुन्हा असल्यामुळे पात्रता ठरते ती जन्म झाल्यावरच, आणि म्हणून रक्कमही जन्मानंतरच मिळते. गरोदरपणातील नऊ महिन्यांत आईच्या पोटात त्यातील एका रुपयाचेही अन्न जाऊ शकत नाही. दुसऱ्या खेपेच्या गरोदर स्त्रीला रक्तक्षय कमी असतो किंवा तिची मजुरी बुडत नाही, असेही नाही. उलट पहिल्या मुलाचे करता करता तिला विश्रांती आणखीच दुर्मिळ असते.

सर्वांना आणि प्रत्येक वेळी अनुदान दिले तर लोकसंख्या वाढेल, ही भीती पहिल्या अपत्याच्या अटीमागे आहे. ही भीती आजच्या भारताला लागू पडत नाही. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतात, हे दाखविणारा एकूण जननदर २०१९-२१ मध्ये देशात २.० होता आणि महाराष्ट्रात १.७, म्हणजे पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून निघण्यासाठी लागणाऱ्या सुमारे २.१ या दरापेक्षाही खाली. सहा हजार रुपयांसाठी कोणी मूल होऊ देईल, हे मानण्यासाठी मूल वाढविण्याचा खर्च माहीत नसावा लागतो. १९८७ पासून तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाने चालणाऱ्या योजनेत ही रक्कम २००६ मध्ये सहा हजार, २०११ मध्ये बारा हजार आणि २०१८ मध्ये पोषण संचासह अठरा हजार झाली, दोन बाळंतपणांपर्यंत ती मिळते, आणि तामिळनाडूचा जननदर देशातील सर्वांत कमी दरांपैकी एक आहे.

मूल हा खासगी निर्णय आहे, मग करदात्याने पैसे का द्यावेत, या हरकतीत तथ्याचा अंश आहे. मुलाचे सुख आणि त्याची माया कुटुंबालाच लाभते. परंतु त्या मुलाच्या पुढच्या कष्टाचे फळ केवळ कुटुंबाला मिळत नाही. आज निवृत्तिवेतन घेणारे किंवा उद्या घेणार असलेले सर्वजण, त्यांना स्वतःची मुले असोत वा नसोत, पुढच्या पिढीच्या कमाईवर आणि तिने भरलेल्या करांवरच जगणार आहेत. त्या पिढीला जन्म देण्याचा शारीरिक धोका, झीज आणि बुडालेली कमाई मात्र एकटी आई सोसते. शिवाय करदाता म्हणजे प्राप्तिकर भरणाराच, असे नव्हे. साबणाच्या वडीवर आणि तेलाच्या पुडीवर शेतमजूर स्त्रीही कर भरतच असते. आणि ज्या समाजाने संघटित क्षेत्रातील स्त्रीच्या सव्वीस आठवड्यांच्या रजेला कायद्याने मान्यता दिली, त्याने बाळंतपण ही केवळ खासगी बाब नाही हे आधीच कबूल केले आहे. प्रश्न उरतो तो हे तत्त्व दुसऱ्या स्त्रीला लागू करण्याचा. बापाचा विचार तर या व्यवस्थेत जवळपास नाहीच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा मिळते, असंघटित कामगाराला एक दिवसही नाही, आणि त्यामुळे घरातील ओली बाळंतीण पाहायला कोणी नसले तरी त्याला मजुरीला जावेच लागते.

पैशाचा प्रश्न शेवटी येतोच. महाराष्ट्रात वर्षाला सुमारे १८ ते १९ लाख जन्म होतात. प्रत्येक बाळंतपणाला सहा हजार रुपये द्यायचे म्हटले, तर एकूण खर्च सुमारे ११४० कोटी रुपयांच्या आत राहतो, आणि केंद्र व राज्य यांच्यातील ६०:४० या वाटणीनुसार राज्याच्या वाट्याला त्यातील ४५६ कोटी येतात. तामिळनाडूप्रमाणे अठरा हजार द्यायचे ठरविले, तरी हा आकडा ३४२० कोटींच्या पुढे जात नाही. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जाहीर झाली, तेव्हा महिन्याला दीड हजार रुपयांच्या त्या लाभासाठी वर्षाला ४६,००० कोटी रुपयांचा अंदाज धरण्यात आला होता. एवढी तरतूद करू शकणाऱ्या राज्याला बाळंतपणाची रक्कम परवडत नाही, असे म्हणता येणार नाही. महिन्याच्या महिन्याला अटी न घालता लाखो स्त्रियांच्या खात्यात रक्कम पोहोचविण्याची यंत्रणाही याच राज्याने उभी केलेली आहे. गरोदरपणाची नोंद झाली की जन्मानंतरच्या सहा महिन्यांपर्यंत त्याच खात्यात, अपत्य कितवे आणि कोणते हे न विचारता, दरमहा ठरावीक रक्कम जमा करणे आणि ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीत गावी झालेली एकच नोंद कारखान्याच्या परिसरातील उपकेंद्रानेही ग्राह्य धरणे, यासाठी नवा कायदा लागत नाही. २०१३ च्या कायद्याने किमान रक्कम ठरविली आहे, आणि तिच्यात स्वतःची भर घालण्यापासून तो राज्याला अडवीत नाही.